‘युलिसिस’ वाचायचीय, पण होमर किती माहीत हवा?

जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ वाचायला घेणाऱ्यांची गाडी बहुधा त्याच दोन-तीन जागी अडते. पुस्तकाचं नाव ग्रीक वीराचं, युलिसिस म्हणजेच ओडिसिअस. आत मात्र डब्लिन शहर, वर्तमानपत्रासाठी जाहिराती गोळा करणारा अडतीस वर्षांचा गृहस्थ आणि त्याचा एक दिवस, १६ जून १९०४. ओडिसिअसचा कुठे पत्ताच नाही. मदतीला एखादं मार्गदर्शक पुस्तक उघडावं, तर प्रत्येक प्रकरणापुढे होमरमधला प्रसंग, शरीराचा अवयव, रंग, कला असा भलामोठा तक्ता. तो पाहून मनात येतं, एवढं सगळं ठाऊक नसेल तर ही कादंबरी आपल्यासाठी नाहीच. चांगले, मुरलेले वाचकही इथे तिचा नाद सोडतात.

तुम्ही सोडू नका. ही कादंबरी अवघड आहे हे खरं, पण तिच्यातला होमर हा अवघड भाग नाही. त्याच्याकडे नीट पाहिलं तर तोच तुमचा आधार होतो. वाचक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं पुढे क्रमाने दिली आहेत: आधी होमरची ‘ओडिसी’ वाचावी का, आवृत्ती कोणती घ्यावी, सुरुवात कुठून करावी, पडसाद खरा कसा ओळखावा, फुकट मिळणारी प्रत कायदेशीर असते का आणि परीक्षेत काय लिहावं. सगळ्या उत्तरांमागे सूत्र एकच आहे: पुराणकथेशी साम्य दिसलं की तिथेच थांबू नका, फरक कुठे पडला ते शोधा. कादंबरीला जे म्हणायचं असतं, ते त्या फरकात असतं.

आधी ओळखा: ही कादंबरी कोणत्या प्रकारची आहे

मराठी वाचकाला पुराणकथेवरची कादंबरी नवी नाही. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) घरोघरी वाचली गेली. पण त्याच अपेक्षेने ‘युलिसिस’ उघडली तर निराशा पदरी येते, कारण पुराणकथा कादंबरीत तीन वेगवेगळ्या वाटांनी येते.

- पुनर्कथन: पात्रं, काळ, स्थळ सगळं मूळ कथेतलंच, दृष्टी मात्र लेखकाची. ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ या प्रकारच्या. इथे कर्ण हा कर्णच असतो.
- पडसाद: पात्रं आजची, शहर आजचं. कथेच्या तळाशी मात्र जुन्या कथेचा सांगाडा. ‘युलिसिस’ या प्रकारची. त्या जाहिरातवाल्या गृहस्थाला, लिओपोल्ड ब्लूमला, आपण ओडिसिअसच्या वाटेवरून चाललो आहोत याची कल्पनाही नाही.
- उल्लेख: एखादं नाव, एखादी उपमा. तेवढ्यापुरतं येतं आणि जातं.

‘युलिसिस’मध्ये दुसरा प्रकार मुख्य आहे आणि तिसरा पानोपानी. हे ध्यानात ठेवलंत की ‘ओडिसिअस कधी येणार’ याची वाट पाहणं थांबतं.

होमर किती पुरे?

‘ओडिसी’चे २४ सर्ग आहेत. ते सगळे आधी वाचले पाहिजेत असं मुळीच नाही. कादंबरी सुरू करण्यापूर्वी एवढी कथा ठाऊक असली तरी भागतं:

- ट्रॉयचं युद्ध दहा वर्षं चाललं. ओडिसिअसला घरी, इथाकाला, पोहोचायला आणखी दहा वर्षं लागली.
- घरी पत्नी पेनेलोपी वाट पाहते आहे. तिच्याशी लग्न करू पाहणारे शंभरावर उमेदवार घरात ठाण मांडून बसले आहेत. सासऱ्यासाठी विणत असलेलं वस्त्र पुरं झाल्यावर निवड करीन, असं सांगून ती दिवसा विणते आणि रात्री उसवते.
- मुलगा टेलेमॅकस मोठा झाला आहे. घरात त्याला मान नाही. तो वडिलांच्या शोधात बाहेर पडतो.
- ओडिसिअसला कॅलिप्सो या अप्सरेने सात वर्षं बेटावर अडकवून ठेवलं आहे. त्याआधीच्या प्रवासात त्याला कमळभक्षक भेटले, एकडोळ्या राक्षस पॉलिफीमस, वाऱ्यांचा अधिपती इओलस, नरभक्षक लेस्ट्रिगोनियन आणि माणसांची डुकरं करणारी सर्सी भेटली. तो मृतांच्या लोकात जाऊन आला. गाण्याने भुलवणाऱ्या सायरन आणि सिला-कॅरिब्डिसचं संकटही त्याने पार केलं.
- शेवटी तो भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो, मुलाशी ओळख पटते, धनुष्याला प्रत्यंचा चढवतो आणि सगळ्या उमेदवारांना ठार करतो. पेनेलोपी मात्र त्याची परीक्षा घेतल्यावरच त्याला स्वीकारते.

मूळ काव्य वाचायची इच्छा असेल तर पाचवा सर्ग, नववा ते बारावा आणि एकविसावा ते तेविसावा एवढे आठ सर्ग निवडा. इंग्रजीत ई. व्ही. र्यू यांचं गद्य भाषांतर सोपं आहे. २०१७ साली आलेलं एमिली विल्सन यांचं पद्य भाषांतर आजच्या भाषेत आहे. दोन्हींपैकी कोणतंही चालेल.

आणखी एक गोष्ट. जॉइस होमरचा क्रम पाळत नाही. होमरकडे सायक्लॉप्स प्रवासाच्या सुरुवातीला येतो, जॉइसकडे तो बाराव्या प्रकरणात येतो. त्यामुळे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पानाला पान लावत बसू नका.

आवृत्ती निवडताना

‘युलिसिस’ पहिल्यांदा २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच यांच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ने काढली. तेव्हापासून तिचे पाठ बदलत आले आहेत. खरेदीपूर्वी हे पाहा:

- १९२२चा पाठ, टिपांसह: ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सची जेरी जॉन्सन यांनी संपादित केलेली आवृत्ती. मागे भरपूर टिपा आहेत. स्वतःच्या स्वतः वाचणाऱ्यांना ही सोयीची.
- गेबलर आवृत्ती (१९८४): हान्स वाल्टर गेबलर यांनी हस्तलिखितांच्या आधारे केलेली. प्रत्येक प्रकरणाला ओळींचे क्रमांक आहेत आणि समीक्षाग्रंथ बहुधा त्याच क्रमांकांनी संदर्भ देतात. प्रबंध किंवा शोधनिबंध लिहिणार असाल तर ही घ्या.
- टिपा नसलेली स्वस्त प्रत: दुसऱ्या वाचनासाठी ठीक. पहिल्यांदाच वाचत असाल तर टाळा.

एक घोळ नेहमी होतो. मार्गदर्शक पुस्तकांत ‘कॅलिप्सो’, ‘हेडिस’, ‘सर्सी’ अशी प्रकरणांची नावं असतात आणि आपल्या प्रतीत ती कुठेच सापडत नाहीत. प्रत सदोष नाही. जॉइस बोलताना आणि पत्रांत ही नावं वापरत असे, पण छापील कादंबरीत त्याने ती ठेवली नाहीत. एकूण १८ प्रकरणं आहेत आणि ती तीन, बारा आणि तीन अशा तीन भागांत विभागली आहेत. पेन्सिलीने प्रत्येक प्रकरणावर १ ते १८ आकडे घाला आणि शेजारी नाव लिहून ठेवा. पुढचे कष्ट वाचतील.

वाचायला सुरुवात कशी कराल

१. चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करा. पहिली तीन प्रकरणं स्टीफन डेडलस या बावीस वर्षांच्या बुद्धिमान आणि दुःखी तरुणाची आहेत. तिसऱ्यात तो समुद्रकिनाऱ्यावर एकटाच विचार करत चालतो आणि बहुतेक वाचक तिथे थकतात. पहिलं आणि चौथं, दोन्ही प्रकरणं त्याच दिवशी सकाळी आठला सुरू होतात. म्हणून आधी ४, ५, ६ वाचून ब्लूमशी ओळख करून घ्या, मग १, २, ३ वाचा आणि सातव्यापासून सरळ पुढे जा. कथेचं काही बिघडत नाही.

२. पहिल्या वाचनात प्रकरण टिपांशिवाय वाचा. जे कळलं नाही त्यावर खूण करा, पण थांबू नका. कोण, कुठे, किती वाजता एवढं कळलं तरी पुरे.

३. मग होमरमधला प्रसंग आठवा. वर दिलेल्या यादीतला तेवढाच भाग पाहा. यासाठी दहा मिनिटं खूप झाली.

४. वहीत दोनच ओळी लिहा. ‘काय सारखं आहे?’ आणि ‘काय बदललं?’ दुसरी ओळ कोरी राहिली तर त्या प्रकरणाकडे पुन्हा एकदा वळा.

५. टिपा सगळ्यांत शेवटी पाहा. डॉन गिफर्ड यांचा टिपाग्रंथ तपशिलासाठी आणि हॅरी ब्लेमायर्स यांचं ‘द ब्लूम्सडे बुक’ कथानकासाठी उपयोगी आहे. दोन्ही एकदम उघडू नका. त्यांचा भार मूळ कादंबरीपेक्षा जास्त होतो.

६. ऐकाही. आयर्लंडच्या ‘आरटीई’ रेडिओने १९८२ साली, जॉइसच्या जन्मशताब्दीला, संपूर्ण कादंबरीचं नाट्यवाचन सुमारे तीस तासांत सादर केलं. डोळ्यांना न उलगडणारी वाक्यं कानाला पटकन उलगडतात. अकराव्या आणि अठराव्या प्रकरणासाठी हा उपाय जरूर करा.

आठवड्याला एक प्रकरण ही गती नोकरी-घर सांभाळून झेपते. पंधरावं प्रकरण सगळ्यांत लांब आहे. त्याला तीन आठवडे द्या.

एक सकाळ जवळून पाहा

चौथ्या प्रकरणात ब्लूम उठून चहा टाकतो. मांजरीला दूध देतो, कोपऱ्यावरच्या खाटकाकडून न्याहारीसाठी डुकराचा गुर्दा आणतो, तो तव्यावर टाकतो आणि पत्नी मॉलीला चहा-पाव अंथरुणातच नेऊन देतो. टपालातून तिला एक पत्र आलेलं असतं. ते ब्लेझेस बॉयलनचं आहे. तो दुपारी चारला घरी येणार आहे आणि कशासाठी, हे ब्लूम ओळखतो. मॉली ते पत्र उशीखाली सरकवते. मग ती पुस्तकात आलेल्या एका शब्दाचा अर्थ विचारते आणि ब्लूम तिला पुनर्जन्माची कल्पना समजावू लागतो: माणूस मेल्यावर आत्मा दुसऱ्या देहात जातो, असं प्राचीन लोक मानत. उदाहरण म्हणून त्याला पलंगावरच्या भिंतीवर लावलेलं अप्सरेचं चित्र सापडतं. तेवढ्यात गुर्दा करपल्याचा वास येतो आणि तो खाली धावतो.

आता होमर आठवा. अप्सरा कॅलिप्सोने ओडिसिअसला बेटावर अडकवलं होतं. इथे अप्सरा भिंतीवर आहे आणि पलंगावर मॉली आहे. तीच ब्लूमला बांधून ठेवणारी कॅलिप्सो आणि तीच अठराव्या प्रकरणातली पेनेलोपी. एका व्यक्तीत दोन भूमिका आहेत, म्हणून ‘अमुक म्हणजे तमुक’ असा सरळ तक्ता इथे टिकत नाही. आणि पुनर्जन्माची गोष्ट? कादंबरीभर काय चाललं आहे ते जॉइसने न्याहारीच्या वेळीच सांगून ठेवलं: जुना वीर नव्या देहात आला आहे, आणि त्या देहाला भूक लागते, त्याच्या हातून पदार्थ करपतो. पुनर्जन्माची कल्पना आपल्या वाचकाला सांगावी लागत नाही. हा धागा तुम्ही टिपांशिवाय पकडू शकता.

पडसाद खरा की भास? तीन कसोट्या

एकदा साम्यं दिसू लागली की ती सगळीकडे दिसू लागतात. प्रत्येक पाऊस प्रलय वाटतो, प्रत्येक म्हातारी देवी वाटते. तेव्हा दिसलेलं साम्य या तीन प्रश्नांवर घासून पाहा.

- पुस्तकात खूण आहे का? नाव, वस्तू, हालचाल किंवा शब्द, पानावर बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी हवं.
- साम्य कथेत योग्य जागी आहे का? एखादा तपशील सुटा सापडणं वेगळं आणि प्रसंगाची आखणीच मिळती असणं वेगळं.
- त्याने काही बदलतं का? साम्य ध्यानात आल्यावर पात्राबद्दलचं तुमचं मत हललं पाहिजे. हललं नाही तर ती माहिती म्हणून ठेवा, निष्कर्ष काढू नका.

बारावं प्रकरण घ्या. बार्नी कीर्नन यांच्या दारूच्या गुत्त्यात ‘सिटिझन’ म्हणून ओळखला जाणारा एक आडदांड देशभक्त बसला आहे. त्याला एकच बाजू दिसते. होमरचा राक्षस एकडोळ्या होता, ही पहिली खूण. ओडिसिअसने तापवलेला ओंडका राक्षसाच्या डोळ्यात खुपसला होता. ब्लूमच्या हातात पेटलेला सिगार आहे, ही दुसरी. ब्लूमचे वडील हंगेरीहून आलेले ज्यू. सिटिझन त्याला परका ठरवून डिवचतो. ब्लूम आधी शांतपणे द्वेषाविरुद्ध आणि प्रेमाच्या बाजूने बोलतो. निघताना मात्र त्याला राहवत नाही. ख्रिस्तही ज्यूच होता, हे तो ठणकावून सांगतो. होमरचा ओडिसिअस जहाजावर पोहोचल्यावर अभिमानाने आपलं नाव ओरडून सांगतो आणि राक्षस जहाजावर खडक भिरकावतो. इथे सिटिझन बिस्किटांचा डबा फेकतो. डोळ्यांवर ऊन आल्याने त्याचा नेम चुकतो.

खूण आहे आणि जागाही बरोबर आहे. आता तिसरी कसोटी लावा. ओडिसिअसने राक्षसाला आंधळं केलं. ब्लूमने कुणालाही जखम केली नाही, त्याच्या हातातला सिगार हा फक्त सिगारच राहिला. त्याने प्रतिकार केला तो शब्दाने, आणि त्या भर गुत्त्यात तो एकटा होता. वीरपणा कशात असतो, हा प्रश्न इथे तुमच्यापुढे येतो. तो कादंबरी संपेपर्यंत सोबत ठेवा.

शेवटी काय बदललं ते नक्की पाहा

होमरकडे पेनेलोपी पतीची परीक्षा पलंगावरून घेते. पलंग बाहेर काढा, असं ती दासीला सांगते आणि ओडिसिअस संतापतो, कारण जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या झाडातून तो त्याने स्वतः घडवला होता. तो हलूच शकत नाही. ते गुपित त्या दोघांखेरीज फक्त एका दासीला ठाऊक होतं आणि त्यावरूनच ओळख पटते.

ब्लूमच्या पलंगाच्या पितळी कड्या सैल आहेत. मॉलीने कूस बदलली की त्या किणकिणतात. दुपारी अकराव्या प्रकरणात बॉयलनची घोडागाडी तशीच किणकिणत ब्लूमच्या घराकडे जाते. रात्री सतराव्या प्रकरणात ब्लूम घरी येतो. किल्ली दुसऱ्या पॅन्टच्या खिशात राहिली म्हणून कठड्यावरून उतरून तळघराच्या दाराने आत शिरतो. अंथरुणात त्याला दुसऱ्या पुरुषाच्या देहाचा ठसा आढळतो. होमरच्या कथेत या जागी धनुष्य उचललं जातं आणि रक्त सांडतं. ब्लूमच्या मनात आधी हेवा येतो, मग मत्सर येतो आणि हळूहळू तो समतेपाशी पोहोचतो. तो पत्नीशेजारी झोपी जातो.

हा पराभव आहे की विजय? उत्तर तुमचं तुम्ही ठरवा. पण फरक न मोजता ‘ब्लूम म्हणजे आधुनिक ओडिसिअस’ एवढंच लिहून थांबलात तर कादंबरीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट हातची जाईल. पहिलं महायुद्ध संपून तीन वर्षं झालेल्या युरोपात हे पुस्तक आलं. हिंसा न करता घरी परतणारा नायक तेव्हाही सोपा नव्हता, आजही नाही.

सहसा होणाऱ्या चुका

- तक्त्याला प्रमाण मानणं. जॉइसने स्वतः केलेले दोन तक्ते प्रसिद्ध आहेत. एक १९२० साली कार्लो लिनाटी यांना पाठवलेला आणि दुसरा स्टुअर्ट गिल्बर्ट यांच्या १९३०च्या ग्रंथामुळे लोकांसमोर आलेला. त्या दोहोंतल्या नोंदीही सगळीकडे जुळत नाहीत. तेव्हा तक्ता मदतीला घ्या, पण त्याने पाठ झाकू देऊ नका.
- ही होमरची टिंगल आहे असं मानणं. किंवा ब्लूमची टिंगल आहे असं मानणं. प्रसंग हसवतात, पण ब्लूमच्या दुःखाला जॉइस हसत नाही. त्याचा मुलगा रूडी जन्मानंतर अकराव्या दिवशी गेला, ही जखम दिवसभर त्याच्यासोबत असते आणि स्टीफनकडे तो ओढला जातो तो त्यामुळेच.
- मॉलीचा निवाडा करणं. पेनेलोपी एकनिष्ठ, मॉली नाही, म्हणून मॉली वाईट, असा हिशेब घाईचा आहे. अठरावं प्रकरण तिच्याच मनातलं आहे. विरामचिन्हांशिवाय आठ लांबलचक वाक्यांत ती आठवते, चिडते, हसते. ते पूर्ण वाचल्याशिवाय मत बनवू नका.
- एकाच कथेवर अडून बसणं. इथे होमर एकटा नाही. ‘हॅम्लेट’ आहे, बायबल आहे. स्टीफनचं आडनाव डीडॅलस या ग्रीक कारागिराकडे बोट दाखवतं. आपला मुलगा इकॅरस याच्यासाठी मेणाने जोडलेले पंख त्याने केले होते.
- चवदाव्या प्रकरणात अडकून पडणं. हे प्रसूतिगृहात घडतं आणि इंग्रजी गद्याच्या जुन्यापासून नव्यापर्यंतच्या शैली एकामागून एक येतात. पहिल्या वाचनात निम्मं सुटलं तरी चालेल.
- नुसत्या ‘अश्लील’ या ख्यातीमुळे उघडणं किंवा टाळणं. तेराव्या प्रकरणाच्या अंशामुळे १९२१ साली न्यूयॉर्कमध्ये ‘द लिटल रिव्ह्यू’ नियतकालिकाच्या दोघी संपादकांना दंड झाला. डिसेंबर १९३३ मध्ये न्यायमूर्ती जॉन वूल्सी यांनी कादंबरी अश्लील नाही असा निकाल दिला आणि अमेरिकेत ती खुली झाली. तेराव्या, पंधराव्या आणि अठराव्या प्रकरणांत शरीराबद्दल मोकळं लेखन आहे. गटात वाचणार असाल तर सगळ्यांना आधी कल्पना द्या.

वाचक म्हणून तुमचे हक्क

फुकट उतरवून घेतलेली प्रत चोरीची तर नाही ना, हा प्रश्न अनेकांना सतावतो. साधारण नियम असे आहेत:

- भारताच्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचं संरक्षण त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतं. जॉइसचं निधन १३ जानेवारी १९४१ रोजी झालं. म्हणजे भारतात मूळ कादंबरी केव्हाच सर्वांसाठी खुली झाली आहे. ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वरची प्रत तुम्ही निःशंकपणे घेऊ शकता.
- युरोपीय संघात मुदत मृत्यूनंतर ७० वर्षांची. तिथेही २०१२ पासून जॉइसच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन खुलं आहे. अमेरिकेतही १९२२चा पाठ खुला आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपापल्या देशाचा नियम पाहावा.
- मूळ पाठ खुला आहे म्हणून त्यावरच्या अलीकडच्या टिपा, प्रस्तावना आणि मार्गदर्शक पुस्तकं खुली होत नाहीत. होमर प्राचीन आहे, पण विल्सन यांचं भाषांतर त्यांचं आहे. सॅम्युअल बटलर यांचं १९०० सालचं गद्य भाषांतर मात्र खुलं आहे.
- ‘युलिसिस’चा मूळ पाठ मराठीत भाषांतरित करण्यासाठी भारतात आता कुणाची परवानगी लागत नाही. एखादं प्रकरण करून पाहायचं असेल तर जरूर हात घाला. त्या भाषांतरावर हक्क तुमचा राहील.
- व्यक्तिगत अभ्यासासाठी संरक्षित पुस्तकातला थोडा भाग उतरवून घेणं कायद्याच्या मर्यादेत बसतं. पूर्ण ग्रंथाची छायाप्रत काढून वाटणं बसत नाही.

आणि एक हक्क कायद्याबाहेरचा: मधलं प्रकरण सोडण्याचा, परत मागे येण्याचा, वर्षभर थांबून पुन्हा सुरू करण्याचा. तो तुम्हाला आहेच.

परीक्षेत किंवा निबंधात लिहिताना

टी. एस. एलियट यांनी १९२३ साली पुराणकथेच्या या वापराला आजच्या विस्कळीत काळाला आकार देणारी पद्धत म्हटलं. हा मुद्दा सगळेच लिहितात. तो एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. गुण मिळतात ते उदाहरणाला. प्रत्येक परिच्छेदात तीन पायऱ्या ठेवा:

१. खूण: बाराव्या प्रकरणात सिटिझन ब्लूमवर बिस्किटांचा डबा फेकतो.
२. मूळ: ‘ओडिसी’च्या नवव्या सर्गात पॉलिफीमस जहाजावर खडक फेकतो.
३. फरक आणि त्याचा अर्थ: ओडिसिअसने आधी राक्षसाला आंधळं केलं होतं, ब्लूमने फक्त मत मांडलं होतं. म्हणून इथे हिंसा एकतर्फी ठरते आणि वीरपणाची व्याख्या बदलते.

‘जॉइसने होमरची नक्कल केली’ किंवा ‘होमरला आधुनिक रूप दिलं’ अशी गुळगुळीत वाक्यं टाळा. संदर्भ देताना आवृत्तीचं नाव आणि प्रकरणाचा क्रमांक द्या. नुसता पान क्रमांक दुसऱ्या आवृत्तीत जुळत नाही.

मराठीशी तुलना करायची असेल तर बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही संज्ञाप्रवाही कादंबरी शैलीच्या अंगाने उपयोगी पडेल. पुराणकथेच्या अंगाने ‘ययाति’ घ्या आणि तोच प्रश्न विचारा: महाभारतातला ययाती पुत्राचं तारुण्य हजार वर्षं भोगतो, खांडेकरांनी त्या काळाचं काय केलं आणि का? साम्य सांगणारे पुष्कळ मिळतील. या ‘का’चं उत्तर देणारा विद्यार्थी उठून दिसतो.

एकट्याने झेपत नसेल तर

दोघं-तिघं मिळून वाचा. दर बैठकीत एकाने होमरमधला प्रसंग दहा मिनिटांत मराठीत सांगावा, दुसऱ्याने जॉइसच्या प्रकरणातली दोन पानं मोठ्याने वाचावीत आणि मग सगळ्यांनी मिळून ‘काय बदललं?’ यावर बोलावं. कुणीही तज्ज्ञ असण्याची गरज नाही. पंधरा दिवसांतून एकदा भेटलात तरी वर्षभरात कादंबरी पुरी होते.

पुस्तक समोर ठेवून मुहूर्त शोधत बसू नका. आज रात्री चौथं प्रकरण उघडा. ते छोटं आहे, एका बैठकीत होतं. वहीत त्या दोन ओळी लिहा. दुसरी ओळ तुमची स्वतःची असेल तर ‘युलिसिस’ वाचायला लागणारी सगळी पात्रता तुमच्याकडे आहे, असं खुशाल समजा.